जुन्या संगणकांचा कंठ

गेलेल्या काळाविषयीं मनुष्याच्या मनांत एक प्रकारचा हळवेपणा असतो. जात्याची घरघर किंवा ग्रामोफोनच्या तबकडीची खरखर ऐकत ज्यांचें बालपण गेलें, त्यांच्या कानीं तो आवाज पुन्हां पडला म्हणजे त्यांना क्षणभर कांहीं सुचेनासें होतें. ह्या मालिकेंत अलीकडे एका नव्या आवाजाची भर पडली आहे. तो आवाज जुन्या घरगुती संगणकांचा. इंग्लंड, जर्मनी, अमेरिका इत्यादि देशांतील पन्नाशीच्या आसपासचे गृहस्थ आपल्या लहानपणच्या संगणकांत असलेली स्वर काढणारी चिप मिळावी म्हणून खटपट करतात, मोडक्या यंत्रांतून ती काढून घेतात, तिच्यासाठीं भरमसाट किंमत मोजतात, आणि ती बसवून दोन-चार मिनिटांचें एखादें जुनें गाणें ऐकलें म्हणजे कृतार्थ होतात. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस हा निव्वळ वेडेपणा वाटेल. त्यांत वेडेपणाचा अंश आहे हें आम्हीहि नाकारीत नाहीं. परंतु त्या वेडाच्या मुळाशीं एक खरी गोष्ट आहे, आणि तिचा आमच्या विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं निकट संबंध पोंचतो असें आमचें मत आहे.

आजच्या विद्यार्थ्यास संगणक गातो ह्याचें मुळींच नवल वाटत नाहीं. त्याच्या हातांतील मोबाईलवर हवें तें गाणें क्षणांत ऐकूं येतें. पण तेथें यंत्र स्वतः गात नसतें. दुसऱ्या कोणी गाइलेलें, वाजविलेलें व आंकड्यांच्या रूपानें सांठविलेलें तें आपल्यापुढें पुन्हां मांडीत असतें. आरंभींच्या संगणकांस हें शक्यच नव्हतें. कॉम्पॅक्ट डिस्कवर ज्या प्रतीचा आवाज असतो, त्याच्या एका सेकंदास १,७६,४०० बाइट लागतात. १९८२ सालीं निघालेल्या कमोडोर ६४ ह्या संगणकाची सगळी मेमरी ६५,५३६ बाइट एवढीच होती. म्हणजे अशा आवाजाचा अर्धा सेकंदसुद्धां तींत मावला नसता. तेव्हां त्या यंत्राला गावयाचें असेल तर दुसऱ्याचा आवाज उसना घेऊन भागण्यासारखें नव्हतें. स्वर त्याला त्या त्या क्षणीं स्वतःच निर्माण करावा लागे. ग्रामोफोन आणि गवई ह्यांच्यांत जो भेद तोच हा भेद होय.

आरंभीं हा कंठ फार दरिद्री होता. १९७७ सालच्या ॲपल-२ संगणकांत एक लहानसा स्पीकर असे, पण त्याचा पडदा हलविण्याचें काम खुद्द संगणकाच्या मुख्य चिपलाच करावें लागे. पडदा एकदां पुढें, एकदां मागें, असें सेकंदाला शेंकडों वेळां करीत राहावें तेव्हां कोठें एक स्वर निघे. आणि तो काढीत असतां त्या बिचाऱ्या यंत्राला दुसरें फारसें कांहीं करतां येत नसे. १९८१ च्या ऑगस्टमध्यें आयबीएम कंपनीनें आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर आणला, त्यांत ह्या कामासाठीं कालगणना करणाऱ्या एका वेगळ्या चिपची मदत घेतली होती. ही चिप सेकंदाला सुमारें ११,९३,१८२ ठोके मोजी. त्या संख्येस आपण द्याल त्या आंकड्यानें भागून जें उत्तर येईल, तितक्या कंपनांचा स्वर स्पीकरमधून निघे. ४४० कंपनांचा स्वर हवा असेल तर २७१२ हा आंकडा द्यावयाचा, एवढेंच. एका वेळीं एकच स्वर. तो लहान-मोठा करण्याची सोय नाहीं. गोडवा तर औषधालाहि नाहीं. आमच्या पालकवर्गांतील जे १९९० नंतरच्या दशकांत शाळेंत शिकत होते, त्यांच्यापैकीं कित्येकांनीं संगणकाच्या तासाला बेसिक भाषेंत ‘साउंड ४४०, १८’ अशी आज्ञा लिहून सेकंदभर शिट्टी वाजविली असेल, आणि तिच्यापायीं गुरुजींचीं बोलणींहि खाल्लीं असतील. ह्या शिट्टीला कोणी मधुर म्हणूं लागल्यास तें केवळ ममतेचें आंधळेपण समजावें.

खरा कंठ लाभला तो कमोडोर ६४ ला. त्यांतील ‘सिड’ नांवाची चिप, क्रमांक ६५८१, ही अमेरिकेंतील मॉस टेक्नॉलॉजी ह्या कारखान्यांत १९८१ सालीं बॉब यानेस ह्या तरुण अभियंत्यानें आंखली. यानेस ह्याला विजेवर चालणाऱ्या वाद्यांची आवड होती, आणि नुसत्या पिपाणीवर त्याचें समाधान होणारें नव्हतें. त्यानें त्या बोटभर चिपमध्यें जवळजवळ एक संपूर्ण वाद्यच बसविलें. तींत तीन स्वतंत्र आवाज होते. प्रत्येक आवाजास चार प्रकारच्या लहरींतून निवड करतां येई, व त्यांतील एक प्रकार नुसत्या खळखळाटाचा असल्यामुळें तालवाद्यांची नक्कल होई. ह्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्वर कसा उगवावा व कसा मावळावा हें ठरविण्याची सोय तींत होती. सतारीची तार छेडली कीं स्वर एकदम उसळतो आणि मग विरत जातो. बासरींत तो फुंकरीबरोबर भरत येतो आणि फुंकर असेपर्यंत टिकतो. कानाला वाद्याची ओळख पटते ती पुष्कळशी ह्या चढउतारावरूनच. सिडमध्यें त्या चढउताराचे चार भाग चार आंकड्यांनीं नेमून देतां येत. शिवाय आवाजाची धार कमी-जास्त करणारी एक गाळणी होती. ही गाळणी मात्र कारखान्यांतून एकसारखी कधीं उतरली नाहीं. त्यामुळें एका घरचा सिड भरदार तर शेजारच्या घरचा घोगरा, असा प्रकार असे. यानेस ह्यानें १९८२ सालीं सोबत्यांसह जी कंपनी काढली, ती पुढें एन्सॉनिक ह्या नांवानें वाद्यांसाठीं प्रसिद्धीस आली, हें ऐकून कोणास आश्चर्य वाटूं नये.

चिप कितीहि चांगली असली तरी तिला गावयास लावणारा कोणी तरी लागतोच. इंग्लंडांत रॉब हबर्ड, मार्टिन गॉलवे प्रभृति तरुणांनीं हें काम अंगावर घेतलें. स्वर, काल, लहरीचा प्रकार ह्या सगळ्यांचे ते आंकडे मांडीत, आणि ते आंकडे वाजविणारा प्रोग्रामहि स्वतःच रचीत. आवाज तीनच. एक ठेक्याला दिला, एक खर्जाला दिला, कीं चालीसाठीं एकच उरे. मग अनेक स्वरांचा मेळ कोठून आणावा? त्यावर त्यांनीं युक्ति योजिली ती अशी. एकाच आवाजाला तीन स्वर आळीपाळीनें द्यावयाचे, आणि हा पालट सेकंदाला पन्नास वेळां करावयाचा. कान फसतो, तीन स्वर वेगवेगळे न भासतां एक थरथरता, झगमगता स्वरमेळ त्याला ऐकूं येतो. चित्रपटांत स्थिर चित्रें भराभर दाखविलीं म्हणजे हालचाल भासते, तसेंच कांहींसें. आज हा झगमगाट कानीं पडतांच ‘हा जुन्या संगणकाचा आवाज’ म्हणून लोक ओळखतात. वस्तुतः चिपमध्यें तो नव्हताच. तिच्या उणिवेंतून माणसांनीं काढलेली ती वाट होती. हबर्ड ह्यानें १९८५ सालीं ‘माँटी ऑन द रन’ ह्या खेळासाठीं रचलेली गत ज्यांना शक्य असेल त्यांनीं ऐकावी. तीन आवाजांत किती गर्दी उसळूं शकते ह्याचा तो नमुना आहे, आणि आमच्या मतें खेळापेक्षां गतच अधिक टिकली.

ह्याहूनहि नवलाची गोष्ट एका दोषाची आहे. ६५८१ मध्यें आवाज लहान-मोठा करण्याच्या सोळा पायऱ्या होत्या, आणि पायरी बदलली कीं ‘टक्’ असा बारीक आवाज येई. हा रचनेंतला दोष. परंतु ही पायरी सेकंदाला हजारों वेळां बदलीत गेल्यास त्या टक्‌टक्‌मधूनच ढोलाचा ठोका, किंबहुना मनुष्याचा उच्चारहि उमटवितां येतो, हें हुशार मंडळींच्या ध्यानांत आलें, आणि तीन आवाजांच्या चिपला चौथा आवाज फुटला. पुढें १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धांत ८५८० ही सुधारलेली चिप निघाली. तींत तो दोष जवळजवळ नाहींसा झाला. आणि जुन्या गाण्यांतले ढोल नव्या यंत्रांवर अगदीं क्षीण होऊन बसले. दुरुस्तीनें गाणें बिघडल्याचें असें दुसरें उदाहरण आमच्या तरी ऐकिवांत नाहीं.

हें सर्व परदेशांत घडलें. तथापि ह्या कथेचा एक धागा आमच्या देशांतील शाळांपर्यंत येतो. १९८४ सालीं भारत सरकारनें ‘क्लास’ नांवाची योजना सुरू केली, आणि तिच्याद्वारें निवडक शाळांत इंग्लंडचे बीबीसी मायक्रो संगणक आले. ह्या यंत्रांत तीन स्वरांचे व एक खळखळाटाचा असे आवाज होते, आणि बेसिक भाषेंतील एका ओळीनें ते वाजवितां येत. स्वराची उंची सांगण्याची त्यांतील जी पद्धत होती, तिच्याकडे संगीतप्रेमी वाचकांनीं लक्ष द्यावें. पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत जें अंतर असतें, त्याचे ह्या यंत्रानें चार भाग केले होते. म्हणजे एका सप्तकांत बाराऐवजीं अठ्ठेचाळीस पायऱ्या. पेटींत मींड निघत नाहीं, श्रुति साधत नाहींत, हा तिच्यावरचा जुना आक्षेप आहे. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला आपल्या केंद्रांतून बाहेर काढलें, आणि तें दार पुन्हां किलकिलें होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. विलायती मुलांच्या शिक्षणासाठीं बनविलेल्या त्या बदामी रंगाच्या यंत्रांत मात्र कोमल गंधार आणखी थोडा उतरवून पाहतां येत होता, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर पायरीपायरीनें घसरतहि जातां येत होतें. सिडमध्यें तर ह्या पायऱ्या इतक्या बारीक होत्या कीं घसरणें सलगच भासे. पाश्चात्त्य सुरावटीसाठीं घडविलेल्या यंत्रांत आमच्या मींडेला अशी आयती जागा निघावी, हा योगायोग आम्हांस फार आवडतो.

इकडे आयबीएमच्या धर्तीचे संगणक कचेरी-कचेरींत शिरले होते, पण त्यांचा कंठ शिट्टीपलीकडे गेला नव्हता. ती उणीव प्रथम ज्यांनीं भरून काढली ते मार्टिन प्रेव्हेल हे कॅनडांतील क्वेबेक येथील संगीताचे माजी प्राध्यापक. त्यांच्या ॲड लिब कंपनीचें साउंड कार्ड १९८७ सालीं निघालें. त्यावरची यामाहा कंपनीची चिप नऊ आवाज काढी, व तिचें तत्त्व मोठें मनोरंजक होतें. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत जॉन चाउनिंग हे १९६७ सालीं एका स्वराला आंदोलन देण्याचे प्रयोग करीत होते. आंदोलनाचा वेग वाढवीत नेला, तेव्हां एका मर्यादेपुढें तें आंदोलन म्हणून ऐकूं येईनासें झालें आणि स्वराचा रंगच पालटला; घंटेसारखे, पितळी वाद्यांसारखे नाद निघूं लागले. दोन साध्या लहरींच्या झटापटींतून निघालेला हा नाद पुढें यामाहाच्या चिपमधून घरोघर पोंचला. त्यानंतर १९८९ सालीं सिंगापूरच्या सिम वाँग हू ह्यांच्या क्रिएटिव्ह कंपनीनें साउंड ब्लास्टर आणला. त्यावर तीच यामाहाची चिप होती, आणि शिवाय ध्वनिमुद्रित आवाज वाजविण्याची सोयहि होती. गिऱ्हाइकांनीं तो उचलून धरला, आणि १९९२ सालीं ॲड लिबचें दिवाळें वाजलें.

ह्या काळाची स्तुति करणारे लोक एक गोष्ट सोयिस्करपणें विसरतात. कार्ड विकत घेतलें म्हणून संगणक लगेच गाऊं लागत नसे. कार्डावरच्या बारीक पिनांवर टोपणें बसवून २२०, ५, १ असे आंकडे जुळवावे लागत, तेच आंकडे पुन्हां प्रत्येक खेळाला सांगावे लागत, आणि त्यांतला एखादा आंकडा प्रिंटरनें आधींच बळकावला असेल तर दोघांचें भांडण मिटवितां मिटवितां रविवार मावळे. दुसरें असें कीं हा आनंद सर्वांच्या वांट्याला सारखा येत नसे. १९८८ सालीं निघालेल्या ‘किंग्ज क्वेस्ट ४’ ह्या खेळाचें संगीत रोलंड कंपनीच्या एमटी-३२ ह्या यंत्रावर उत्तम वाजे; परंतु त्या यंत्रासच पांचशें डॉलरांहून अधिक पडत. ज्याच्या घरीं ॲड लिब होतें त्यानें तेंच गाणें दुसऱ्या रंगांत ऐकलें, आणि ज्याच्या घरीं कांहींच नव्हतें त्यानें तें शिट्टीवर ऐकलें. आठवणींच्या गोड कथा सांगतात ते बहुधा पहिल्या दोन घरांतले असतात.

मग काळ पालटला. १९८५ च्या अमिगा संगणकांतील ‘पॉला’ ह्या चिपनें खऱ्या आवाजांचे तुकडे चार वाटांनीं वाजविण्यास आरंभ केला होताच. पुढें मेमरी स्वस्त झाली, कॉम्पॅक्ट डिस्क आल्या, आणि १९९७ सालीं इंटेल कंपनीनें आवाजासाठीं जो सामान्य नमुना ठरविला त्यामुळें आवाजाची सोय संगणकाच्या मुख्य पाटीवरच येऊन बसली. गवयानें मैफल सोडली आणि त्याच्या जागीं ग्रामोफोन बसला.

जुना आवाज आजच्या आवाजापेक्षां चांगला होता काय? मुळींच नाहीं. आज अंध विद्यार्थ्यास मराठी मजकूर वाचून दाखविणारा आवाज साध्या मोबाईलमधून निघतो. त्याची सर सिडच्या कोणत्याहि करामतीला यावयाची नाहीं. जें हरवलें तें दुसरेंच. कमोडोर ६४ बरोबर जें पुस्तक येई, त्यांत स्वर कसा काढावा ह्यावर एक स्वतंत्र प्रकरण असे. ५४२९६ ह्या जागीं १५ हा आंकडा लिहिला कीं आवाज पूर्ण उघडतो, हें बारा वर्षांच्या मुलालाहि ठाऊक असे. आज त्यांतल्या कित्येकांना स्वतःचा जुना टेलिफोन नंबर आठवत नाहीं, पण हा आंकडा आठवतो. आंकड्यापासून स्वरापर्यंतची वाट उघडी होती व ती एका मुलाच्या डोक्यांत मावण्याएवढी आंखूड होती. आजच्या मोबाईलबरोबर असें प्रकरण येत नाहीं, व येण्याची अपेक्षाहि कोणी करीत नाहीं. आमची तक्रार आहे ती ह्या न करण्याबद्दल. आमच्या कित्येक पालकांस मुलगा संगणकावर टूं-टूं करीत बसलेला खपत नाहीं. तोच मुलगा कानांत बोंडें घालून दोन तास गाणीं ऐकत बसला तर कोणी चकार शब्द काढीत नाहीं, कारण त्याचा घरांत उपद्रव होत नाहीं. ह्या दोहोंत अभ्यासाला जवळचें कोणतें, हें पालकांनीं एकदां शांतपणें ठरवावें.

राहिला प्रश्न त्या जुन्या चिपांचा. त्या आतां चाळिशीच्या पुढें गेल्या आहेत, तापून तापून एकेक मुकी होत आहे, आणि मूळ कारखान्यांत नव्या निघत नाहींत. स्वीडनमधील एलेक्ट्रॉन कंपनीनें १९९९ सालीं खऱ्या सिड चिपांवर चालणारें एक वाद्य काढलें होतें; चिपांचा सांठा आटला तसें तें वाद्यहि थांबलें. सुदैवानें रसिक मंडळींनीं पन्नास हजारांहून अधिक गतींचे मूळ आंकडे जपून ठेवले आहेत, आणि सिडची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्रामहि लिहिले आहेत. ही नक्कल पुष्कळ साधली आहे. फक्त प्रत्येक सिडची गाळणी निराळी असल्यामुळें नक्कल कोणाच्या घरच्या सिडची करावी, ह्याचें उत्तर आंकड्यांत सांपडत नाहीं. त्यासाठीं खरीं यंत्रें शेजारीं ठेवून ऐकावींच लागतात. म्हणून कोणाच्या माळ्यावर असें जुनें यंत्र पडून असेल तर तें भंगारवाल्याच्या हवालीं करण्यापूर्वीं एकदां पुसून, एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्यावें, अशी आमची विनंति आहे.

विद्यार्थ्यांनीं मात्र जुन्या चिपसाठीं अडून बसण्याचें कारण नाहीं. आर्डुइनोसारख्या लहान पाटीच्या आठ पिनांना दोन मापांच्या रेझिस्टरांची शिडी जोडली आणि पुढें एक लहानसा ॲम्प्लिफायर व स्पीकर लावला, कीं आंकड्यांचा आवाज होतो. अशाच शिडीच्या तत्त्वावरचें एक उपकरण कोव्हॉक्स नांवाच्या अमेरिकन कंपनीनें जुन्या संगणकांच्या प्रिंटरच्या खांचेंत बसविण्यासाठीं विकलें होतें. शिडी तयार झाली म्हणजे षड्जाला २४० कंपनें द्यावीं, पंचमाला ३६०, तार षड्जाला ४८०. गंधाराला प्रथम ३०० द्यावीं आणि मग पेटीच्या गंधाराचीं सुमारें ३०२ द्यावीं. आणि घरीं तंबोरा असेल तर तो २४० शीं जुळवून, ह्या दोहोंपैकीं कोणता गंधार त्यांत मिसळतो तें कानानें पाहावें.